लिंक तुमची, कमिशन भलत्याचंच: ॲफिलिएटच्या पैशांवर डल्ला मारणारं सॉफ्टवेअर आणि तुम्ही

"लोक माझ्या लिंकवरून खरेदी करतात, तसं मेसेज करून सांगतातही. पण डॅशबोर्डवर ऑर्डर दिसत नाही. असं का?" सोलापुरातून हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. विचारणाऱ्यांमध्ये मोबाइलचे रिव्ह्यू करणारे यूट्यूबर असतात, टेलिग्रामवर रोज 'डील' टाकणारे कॉलेजचे विद्यार्थी असतात, शेंगा चटणीच्या रेसिपीखाली मिक्सरची लिंक देणाऱ्या गृहिणीही असतात. चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांचा प्रश्न नेमका उलटा असतो: "गिऱ्हाईक आमच्या वेबसाइटवर आपलं आपण आलं, मग हे कमिशनचं बिल कुठून आलं?" तिसरा प्रश्न सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलांचा. तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: "क्लायंट म्हणतो, लिंकमधला कोड बदलणारं एक्स्टेन्शन बनवून दे. घेऊ का काम?"

तिघांचे प्रश्न वेगळे असले, तरी दुखणं एकच आहे. म्हणून एकदाच नीट सांगतो. तुमच्या कामाचा भाग आधी वाचलात तरी चालेल, पण पुढचे दोन परिच्छेद मात्र कोणीच गाळू नका.

आधी व्यवहार समजून घ्या

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारे भाविक सोलापुरात थांबतात. गाडीचा ड्रायव्हर त्यांना चादरीच्या दुकानात घेऊन येतो आणि दुकानदार त्याला ठरलेलं कमिशन देतो. आता समजा, गिऱ्हाइकाने चादरी निवडल्या, घासाघीस झाली, पाकीट बाहेर आलं, आणि तेवढ्यात गल्ल्याशेजारी उभा असलेला भलताच माणूस म्हणाला, "यांना मी आणलं." दुकानदाराने वहीत त्याचंच नाव लिहिलं. ड्रायव्हर बाहेर गाडीपाशी उभा, त्याला पत्ताच नाही.

इंटरनेटवर असा गिऱ्हाईक आणून देणारा म्हणजे 'ॲफिलिएट', आणि ही वही म्हणजे 'कुकी'. तुमच्या लिंकवर कोणी क्लिक केलं, की ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये तुमच्या नावाची नोंद होते. ॲमेझॉन इंडियाची लिंक उघडून पत्त्याची ओळ पाहा. त्यात 'टॅग', मग बरोबरचं चिन्ह आणि पुढे तुमचा आयडी दिसेल, ज्याच्या शेवटी वजा २१ असतं. फ्लिपकार्टच्या लिंकमध्ये 'ॲफआयडी' असतो. बहुतेक ॲफिलिएट कार्यक्रमांत 'शेवटची क्लिक ज्याची, कमिशन त्याचं' असा नियम असतो. सगळी गोम इथेच आहे. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ करून गिऱ्हाईक तुम्ही आणलंत, पण पैसे भरण्याच्या पानावर दुसऱ्या कोणी क्लिक घडवून आणली, तर वहीत नाव त्याचं लागतं.

पैसे भरण्याच्या पानावर नेमकं काय घडतं

ग्राहकाने पत्ता निवडला, पेमेंटचं पान उघडलं. कोपऱ्यातून ब्राउझरला जोडलेल्या एका एक्स्टेन्शनची छोटी चौकट सरकत येते: कूपन शोधू का? ग्राहक 'हो' दाबतो. काही सेकंद चक्र फिरतं आणि उत्तर येतं, की आधीच सगळ्यांत चांगला दर मिळालेला आहे. खाली 'ठीक आहे' असं बटण. ग्राहक तेही दाबतो. एवढ्यात पाठीमागे एक टॅब क्षणभर उघडून मिटलेला असतो आणि त्यात त्या एक्स्टेन्शनची स्वतःची ॲफिलिएट लिंक उघडून गेलेली असते. ग्राहकाला एक रुपयाही सवलत नाही. तुमची कुकी मात्र पुसली गेली.

डिसेंबर २०२४ मध्ये 'मेगालॅग' या यूट्यूब चॅनेलने 'हनी' या कूपन शोधणाऱ्या एक्स्टेन्शनवर हाच आरोप केला आणि जगभर गदारोळ उडाला. हनी म्हणजे काही गल्लीबोळातलं सॉफ्टवेअर नव्हे. पेपालने २०२० मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून ते विकत घेतलं होतं, आणि त्याची जाहिरात ज्या यूट्यूबरांनी केली, त्यांच्याच कमिशनवर ते हात मारत असल्याचा हा आरोप होता. 'लीगलईगल' आणि 'वेंडोवर प्रॉडक्शन्स' या चॅनेलांच्या चालकांसह अनेकांनी अमेरिकेत दावे ठोकले. आपण शेवटच्या क्लिकच्या नियमासह या धंद्यातले नियम पाळतो, असं पेपालचं म्हणणं. त्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. नियमच असा आहे, की गल्ल्याशी उभ्या असलेल्या माणसाला तो झुकतं माप देतो. पण नियमात बसतं म्हणून ते रास्त ठरत नाही.

मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोम वेब स्टोअरचं धोरण कडक केलं. एक्स्टेन्शनला ॲफिलिएट लिंक, कोड किंवा कुकी घालायची असेल, तर ग्राहकाचा थेट आणि दिसेल असा फायदा हवा, दर वेळी ग्राहकाने स्वतः काही कृती केलेली हवी, आणि हे सगळं आधी ठळक सांगितलेलं हवं. सवलत मिळालीच नाही आणि तरी कोड घातला, तर तो आता सरळसरळ नियमभंग आहे. तक्रार करताना हे धोरण तुमच्या हाताशी असू द्या.

"हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय?"

ऑगस्ट २०२२ मध्ये मॅकॅफी या सायबर सुरक्षा कंपनीने क्रोमची पाच एक्स्टेन्शन उघडी पाडली. मिळून १४ लाखांहून अधिक वेळा ती उतरवली गेली होती. एकावर मित्रांसोबत नेटफ्लिक्स बघता येई, एकाने पानाचा स्क्रीनशॉट घेता येई. उरलेल्यांत दोन आपल्याकडच्या खरेदीदारांच्या ओळखीची: किमतींवर लक्ष ठेवणारं 'फ्लिपशॉप' आणि फ्लॅश सेलमध्ये झटपट खरेदी करून देणारं 'ऑटोबाय'. ग्राहक उघडेल त्या प्रत्येक वेबसाइटचा पत्ता ही एक्स्टेन्शन आपल्या सर्व्हरला कळवत आणि दुकानाची साइट असेल तर कुकीत फेरफार करत, असं मॅकॅफीने दाखवून दिलं. काहींनी तर उतरवल्यावर पंधरा दिवस काहीच करायचं नाही अशी सोय करून ठेवली होती, म्हणजे तपासणाऱ्याला सगळं सोज्वळ दिसावं. पुढे फ्लिपशॉपने सप्टेंबर २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आणली आणि त्यात तो आक्षेपार्ह भाग उरला नसल्याची नोंद मॅकॅफीनेही केली. हेही सांगायला हवं, कारण एखाद्याचं नाव एकदा यादीत आलं म्हणून ते जन्मभर चोर, असं होत नाही. उलटही खरं आहे. आज चोख असलेलं एक्स्टेन्शन उद्याच्या अपडेटमध्ये बदलू शकतं.

मोबाइलवर याचा वेगळा अवतार आहे. ॲप उतरवून घेण्यावरही कमिशन असतं. 'क्लीन मास्टर'वाली चीता मोबाइल आणि 'किका' कीबोर्ड यांच्या काही ॲपवर नोव्हेंबर २०१८ मध्ये आरोप झाला, की फोनवर दुसरं ॲप उतरतंय हे हेरून ती त्याचं श्रेय स्वतःकडे घेतात. कोचाव्हा या कंपनीचं संशोधन आणि बझफीड न्यूजची ती बातमी. चीता मोबाइलने आरोप नाकारले, पण पुढच्याच महिन्यात गूगलने दोन ॲप प्ले स्टोअरवरून काढली. फोन 'साफ' करणारी ही ॲप त्या काळात आपल्याकडेही घरोघरी होती.

चूक कुठे, कुठे नाही: तीन प्रश्न विचारा

कोणतंही सॉफ्टवेअर समोर आलं, की हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

१. कमिशन आपल्याला मिळणार आहे, हे त्याने ग्राहकाला आधी आणि समजेल अशा भाषेत सांगितलं का?
२. ग्राहकाने त्यासाठी जाणूनबुजून काही केलं का, की 'बंद करा' म्हणून दाबलेलं बटणच संमती धरली?
३. आधी कोणाची नोंद होती का, आणि असल्यास हे सॉफ्टवेअर मागे हटलं का?

तिसरा प्रश्न लोक विसरतात. पहिल्या दोन प्रश्नांत ग्राहकाचा मान राखला जातो, तिसऱ्यात तुमचा. ॲफिलिएट नेटवर्कांच्या नियमावल्यांत या मागे हटण्याला 'स्टँड-डाउन' म्हणतात. आधीच कोणाच्या लिंकवरून ग्राहक आला असेल, तर एक्स्टेन्शनने गप्प बसायचं.

या कसोटीवर काही नमुने घासून पाहू.

कॅशबॅक ॲप. ग्राहक स्वतः ॲप उघडतो, तिथून दुकानात जातो, कमिशनमधला वाटा त्याला परत मिळतो. सगळं उघड आहे. व्हिडिओ तुमचा बघितला आणि खरेदी कॅशबॅकमधून केली, तर तुम्हाला चुटपुट लागेल, पण हा ग्राहकाचा हक्क आहे. याला चोरी म्हणू नका.

गुपचूप कोड घालणारं ब्राउझर. जून २०२० मध्ये ब्रेव्ह ब्राउझरचं बिंग फुटलं. पत्त्याच्या ओळीत बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजचा पत्ता टाइप केला, की ब्राउझर पुढे आपला रेफरल कोड जोडत असे. इथे कोणा दुसऱ्याचं कमिशन गेलंच असं नाही. तरी ग्राहकाला न सांगता त्याच्या बोटांनी दुसरंच लिहवून घेतलं, आणि कंपनीचे प्रमुख ब्रेंडन आइक यांनी चूक मान्य केली. पहिल्या दोन प्रश्नांत नापास.

परवानगी आहे, पण मन खातं. २०११ मध्ये उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बॅन्शी हे संगीताचं सॉफ्टवेअर घेताना उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने त्यातल्या ॲमेझॉन दुकानाच्या कमिशनचा ७५ टक्के वाटा स्वतःकडे ठेवला. तोवर ते सगळे पैसे ग्नोम फाउंडेशन या ना-नफा संस्थेला जात असत. बॅन्शीचा परवाना मुक्त असल्याने कायद्याने अडवण्यासारखं काही नव्हतं, आणि सगळं उघडपणे झालं. माझं मत विचाराल तर ही चोरी नव्हे, पण ज्याने राबून सॉफ्टवेअर उभं केलं त्याच्या संमतीने वाटा ठरवायला हवा होता.

सरळ गुन्हा. ईबेच्या दोन मोठ्या ॲफिलिएटांनी, शॉन होगन आणि ब्रायन डनिंग यांनी, लोकांच्या ब्राउझरमध्ये ईबेच्या कुकी गुपचूप भरल्या. डनिंगने त्यासाठी ब्लॉगवाल्यांना फुकटची छोटी साधनं वाटली होती. लोकांनी ईबेची लिंक पाहिलीही नव्हती, तरी पुढे कधी ते ईबेवर गेले की कमिशन यांना. २०१० मध्ये आरोपपत्र दाखल झालं. २०१४ मध्ये होगनला ५ महिने आणि डनिंगला १५ महिने तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता आपल्याकडचा एक रोजचा प्रकार. दुसऱ्याच्या चॅनेलवरची डील उचलायची, लिंकमधला टॅग बॉटकडून बदलून घ्यायचा आणि आपल्या चॅनेलवर टाकायची. सेल लागला म्हणजे हे शेकड्याने चालतं. डील कोणाच्या मालकीची नसते, त्यामुळे तीच वस्तू तुमच्या लिंकने दाखवायला हरकत नाही. पण दुसऱ्याने काढलेला फोटो आणि लिहिलेला मजकूर जसाच्या तसा उचलणं हा कॉपीराइटचा भंग आहे. हे करणारेच "माझं कमिशन पळवलं" म्हणून तक्रार करतात तेव्हा हसू येतं.

चॅनेल, ब्लॉग किंवा टेलिग्राम चालवत असाल, तर असं तपासा

१. संशय घेण्याआधी डॅशबोर्ड नीट वाचा. ऑर्डर न दिसण्याची साधी कारणंच जास्त असतात. ॲमेझॉनवर क्लिकनंतर साधारण २४ तासांची मुदत असते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली असेल तर खरेदीला जास्त अवधी मिळतो. परत केलेल्या वस्तूंचं कमिशन कापलं जातं. वर्गवारीनुसार दर बदलतात. तुमचं चॅनेल तुमच्या खात्यात नोंदवलेलं नसेल, तर तोही घोळ होतो.

२. कोरं ब्राउझर घ्या. क्रोममध्ये नवी प्रोफाइल उघडा, एकही एक्स्टेन्शन ठेवू नका. आपल्या लिंकवर क्लिक करा आणि पत्त्याच्या ओळीतला टॅग पाहून ठेवा.

३. आता एकच एक्स्टेन्शन चढवा. पुन्हा तीच लिंक, तीच वस्तू, पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा. चौकट आली तर दाबा. टॅब चमकून जातो का, पत्त्यातला टॅग बदलतो का, पाहा. 'कूपन सापडलं नाही' असं उत्तर येऊनही टॅग बदलला, तर मासा गळाला लागला म्हणायचं.

४. स्क्रीन रेकॉर्ड करा. तारीख-वेळ दिसू द्या. एक्स्टेन्शनचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांकही त्यात घ्या.

५. ऑर्डर मात्र देऊ नका. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी केलेली ॲमेझॉनच्या नियमात बसत नाही. चोर शोधायला गेलात आणि तुमचंच खातं बंद झालं, असं व्हायला नको.

६. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तपासा. वर सांगितलेल्या उशिराने जागं होण्याच्या युक्तीमुळे पहिल्या दिवशी काही न दिसणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे.

बचाव म्हणून काय कराल? लिंकच्या भरवशावर सगळं सोडू नका. विक्रेत्याशी थेट बोलणी करता येत असतील, तर तुमच्या नावाचं स्वतंत्र कूपन मागा आणि 'हे कूपन वापरलं की कमिशन माझं, शेवटची क्लिक कोणाचीही असो' असं लेखी घ्या. सोलापुरातल्या लहान विक्रेत्यांकडून हे मिळण्यासारखं आहे, मोठ्या साइट ऐकणार नाहीत. आणि एखाद्या एक्स्टेन्शनची प्रायोजित जाहिरात आली, तर पैसे किती हे विचारण्याआधी 'तुम्ही स्टँड-डाउन पाळता का' हे विचारा. अनेक यूट्यूबर नेमके इथेच फसले.

तुमच्याही बाजूने एक गोष्ट चोख हवी. लिंकमधून तुम्हाला कमिशन मिळतं, हे व्हिडिओत आणि लिंकपाशी सांगा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

चादर-टॉवेलचं ऑनलाइन दुकान असेल तर

शेवटी पैसे तुमच्याच गल्ल्यातून जातात. समजा, टॉवेलचा सेट १,२०० रुपयांचा आहे आणि तुम्ही ८ टक्के कमिशन ठेवलंय. जुनं गिऱ्हाईक तुमचं नाव टाइप करून थेट आलं. पैसे भरताना एक्स्टेन्शन मध्ये शिरलं, त्याने तुमचंच कुठलं तरी १० टक्क्यांचं कूपन लावलं. १२० रुपये सवलतीत गेले आणि उरलेल्या १,०८० वर ८६ रुपये ४० पैसे कमिशन. जे गिऱ्हाईक पुऱ्या किमतीला घ्यायला आलं होतं, त्याच्यावर दोनशेहून जास्त रुपयांचं पाणी सोडलंत. सुताचे भाव वाढले की कशा दोन-दोन रुपयांसाठी ओढाताण होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

यावर सगळ्यांत कामाचं हत्यार म्हणजे वेळ. ॲफिलिएट ॲपकडून क्लिकची आणि ऑर्डरची वेळ मागवा. खऱ्या शिफारशीवरून आलेलं गिऱ्हाईक चादरी बघतं, रंग निवडतं, घरी विचारतं. त्याला निदान काही मिनिटं लागतात. एखाद्या ॲफिलिएटच्या ऑर्डरी क्लिकनंतर अर्ध्या-एक मिनिटातच पडत असतील, तर क्लिक गल्ल्यापाशी झाली आहे. क्लिक कोणत्या पानावरून आली तेही पाहा.

- करारात लिहा: कार्टच्या किंवा पेमेंटच्या पानावर घडवलेल्या क्लिकला कमिशन नाही, आणि आधीच्या ॲफिलिएटची नोंद असेल तर ती मोडायची नाही.
- कूपन-साइट आणि एक्स्टेन्शन यांचा दर वेगळा आणि कमी ठेवा. जमल्यास कमिशन फक्त नव्या ग्राहकावर द्या.
- घाऊक व्यापाऱ्यांसाठीची, नातेवाइकांसाठीची, माफीदाखल दिलेली कूपनं एकदाच चालतील अशी ठेवा. एका ग्राहकाने टाइप केलेलं कूपन एक्स्टेन्शन टिपून घेतं आणि मग ते गावभर होतं.
- परताव्याची मुदत संपल्यावरच कमिशन द्या.

एक सावधगिरी. संशय आला म्हणून सगळ्याच ॲफिलिएटांचे पैसे अडवू नका. आपल्या गावातला चॅनेलवाला मुलगा आणि परदेशी एक्स्टेन्शन यांना एकाच मापाने मोजलंत, तर पुढच्या दिवाळीत तुमच्या मालाचा व्हिडिओ करायला कोणी उरणार नाही.

फक्त खरेदी करत असाल तर

"मला तेवढेच पैसे पडतात, मग कमिशन कोणी का खाईना," असं वाटणं साहजिक आहे. पण हे एक्स्टेन्शन तुम्ही कुठे कुठे फिरता हेही बघत असतं. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या यादीत जा. 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते बघा. नको ते काढा, हवं त्याला 'क्लिक केल्यावरच' इतकीच मुभा ठेवा. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. तिथे किंमत-तुलनेच्या ॲपने 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागितली तर देऊ नका, कारण ती दिली की दुसऱ्या ॲपच्या पडद्यावर काय आहे तेही त्याला वाचता येतं. ज्याच्या सल्ल्याने वस्तू घेताय त्यालाच कमिशन मिळावं असं वाटत असेल, तर पैसे भरण्याआधी त्याच्या लिंकवर पुन्हा एकदा क्लिक करा आणि चौकटी बंद ठेवा.

तक्रार कुठे कराल

पायरीने जा. थेट पोलिसांकडे धाव घेतलीत तर तांत्रिक भाग समजावण्यातच शक्ती जाईल.

- ॲफिलिएट कार्यक्रम किंवा नेटवर्क. करार त्यांच्याशी आहे. रेकॉर्डिंग, तारखा, एक्स्टेन्शनचं नाव पाठवा. स्टँड-डाउनचा भंग झाला, असं नेमकं लिहा.
- क्रोम वेब स्टोअर. एक्स्टेन्शनच्या पानावरच तक्रारीची सोय आहे. मार्च २०२५ च्या ॲफिलिएट धोरणाचा उल्लेख करा.
- ग्राहक म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. कूपन शोधतो म्हणत पडद्याआड दुसरंच काम करणं त्यात बसतं, असा मुद्दा मांडता येतो.
- सायबर पोलीस. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार, किंवा शहरातल्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. खात्यातून पैसेच गेले असतील तर लगेच १९३०.
- भरपाई हवी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली ५ कोटींपर्यंतचे दावे निर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे ते अधिकारी.

यातली एक अडचण आधीच ओळखून ठेवा. त्या कायद्याच्या ४३ व्या कलमात परवानगीवाचून संगणकात शिरणं, त्यातली माहिती बदलणं यावर भरपाई आहे, आणि हेच लबाडीने केलं तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कुकी बदलली जाते ती ग्राहकाच्या संगणकात आणि नुकसान होतं तुमचं. "ग्राहकानेच आम्हाला परवानगी दिली होती," असं एक्स्टेन्शनवाला म्हणणारच. म्हणून तुमच्या अर्जासोबत एक-दोन ग्राहकांचं लेखी निवेदन जोडा: असं काही होणार हे आम्हाला सांगितलं नव्हतं, आम्ही संमती दिली नव्हती. वकिलाला भेटताना हा कागद रेकॉर्डिंगइतकाच मोलाचा ठरेल. चॅनेलवाल्याला ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा खुला नसतो, कारण या व्यवहारात तो ग्राहक नसतो. त्यात वेळ घालवू नका.

सॉफ्टवेअरचं काम करत असाल तर

आता त्या मुलांच्या प्रश्नाकडे. फ्रीलान्सच्या साइटवर अशी कामं 'लिंक कन्व्हर्टर', 'कूपन ऑटो-अप्लाय', 'ब्राउझर मॉनेटायझेशन' अशा साळसूद नावांनी येतात. काम घेण्याआधी क्लायंटला लेखी विचारा:

- आधीची ॲफिलिएट नोंद सापडली तर कोडने काय करायचं?
- सवलत मिळाली नाही तरी लिंक उघडायची का?
- ग्राहकाला कमिशनबद्दल कोणत्या पडद्यावर सांगायचं?
- उतरवल्यानंतर काही दिवस गप्प राहायचं, किंवा तपासणाऱ्याला ओळखून वेगळं वागायचं, असा काही भाग आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर पुढची बोलणी नकोत. प्रामाणिक सॉफ्टवेअरला तपासणाऱ्यापासून लपायची गरज पडत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गुळमुळीत आली, तर स्टँड-डाउनचं कलम तुम्हीच करारात घाला आणि त्याची चाचणी कामाच्या यादीत धरा. प्रामाणिक क्लायंट खळखळ करत नाही, कारण नाही तर त्याचंच एक्स्टेन्शन स्टोअरवरून उडेल.

"मी फक्त कोड लिहिला, वापर त्याने केला," हा बचाव सगळे करतात. काय होणार हे ठाऊक असताना मदत केली, तर कायद्यात त्यालाही नाव आहे. शिवाय स्टोअरवर एक्स्टेन्शन चढवताना क्लायंट गोड बोलून तुमचं खातं वापरायला मागतो. तसं केलंत तर गूगलच्या लेखी मालक तुम्ही, आणि खातं बंद होतं ते तुमचं, त्यावरच्या तुमच्या बाकीच्या कामांसकट. खातं कधीही देऊ नका. आगाऊ रक्कम घेतली असेल आणि मधेच क्लायंटने टॅग बदलायचा भाग सांगितला, तर झालेल्या कामाचा हिशेब लिहून पाठवा, उरलेली रक्कम परत करा, आणि काम का सोडलं ते ईमेलमध्ये एका वाक्यात नोंदवून ठेवा. उद्या कोणी विचारलंच, तर तो ईमेल तुमच्या बाजूने बोलेल.